डिस्टिल्ड पाणी आणि डीआय पाणी: मीटरला न दिसणारा फरक

कोल्हापुरातली प्रयोगशाळा साखर कारखान्याची असो, दूध संघाची असो, शिरोलीतल्या फाउंड्रीची असो किंवा महाविद्यालयाची, कोपऱ्यातल्या पांढऱ्या कॅनवर बहुधा ‘डिस्टिल्ड वॉटर’ लिहिलेले असते आणि आत पुष्कळदा डीआय (डीआयोनाइज्ड, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण, आयन, काढून टाकलेले) पाणी असते. त्याबद्दल विचारले की ‘दोन्ही शुद्धच, फरक काय पडतो?’ हे उत्तर ठरलेले असते. फरक पडतो, आणि नेमका कुठे पडतो हे एकदा नीट सांगायला हवे.

डिस्टिल्ड पाणी सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. डीआय पाणी उकळावे लागत नाही, ते रेझिनच्या, म्हणजे आयनांची अदलाबदल करणाऱ्या बारीक कणांच्या, स्तंभांतून जाते. एक रेझिन कॅल्शियम, सोडियम यांसारखे धन आयन धरून हायड्रोजन आयन सोडते, दुसरे क्लोराइड, सल्फेट धरून हायड्रॉक्सिल आयन सोडते, आणि सुटलेल्या दोघांचे पाणीच होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि ती थंड करताना कित्येक पट पाणी वाहून जाते. रेझिनला ते लागत नाही, मात्र थकल्यावर त्याला आम्ल आणि कॉस्टिक सोड्याने ताजे करावे लागते. खर्चाची बाब एवढीच.

खरा घोटाळा कंडक्टिव्हिटी, म्हणजे विजेची वाहकता, मोजणाऱ्या मीटरपाशी होतो. पूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअसला ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते आणि चांगला मिक्स्ड बेड (दोन्ही रेझिने एकत्र मिसळलेला) स्तंभ त्याच्या जवळ पोहोचतो. उलट उत्तम डिस्टिल्ड पाणीही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून १ च्या आसपास येते आणि त्याचा पीएच ५.६ पर्यंत उतरतो. हे आकडे शेजारी ठेवून डीआय पाणीच अधिक शुद्ध ठरवले जाते आणि ‘आम्लधर्मी झाले’ म्हणून निर्दोष डिस्टिल्ड पाणी मोरीत ओतले जाते, याची मला मनापासून चीड येते. मीटर केवळ आयन मोजते. विरघळलेली साखर, नदीच्या पाण्यातले भाररहित सेंद्रिय पदार्थ आणि जिवाणू त्याला दिसत नाहीत, आणि आयन धरण्यासाठी बनवलेल्या रेझिनलाही ते नीट अडवता येत नाहीत. शिवाय सुट्टीत आठवडाभर बंद राहिलेल्या ओल्या स्तंभात जिवाणू वाढतात आणि रेझिनमधूनही थोडे सेंद्रिय द्रव्य झिरपते. तरीही मीटर समाधानकारक आकडा दाखवत राहते.

पंचगंगेच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याचा बीओडी (त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मोजणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते. तीन दिवस २७ अंशांवर ठेवलेल्या बाटल्या बाहेर काढल्यावर केवळ विरलन पाणी (नमुना पातळ करायला वापरलेले हेच शुद्ध पाणी) भरलेल्या बाटलीतलाही ऑक्सिजन घटलेला निघतो आणि दोष टायट्रेशन करणाऱ्याच्या माथी मारला जातो. फाउंड्रीत, जिथे धातूतल्या सिलिकॉनचे प्रमाण अजूनही रासायनिक पद्धतीने मोजतात, तिथे दुसरा सापळा आहे. ऋण आयनांचे रेझिन थकू लागले की सर्वांत आधी सिलिका (सिलिकॉनचेच संयुग) निसटते, आणि सिलिकाचे आयनीभवन इतके क्षीण असते की वाहकता जागची हलत नाही.

सेंद्रिय पदार्थांसाठी जुनी, स्वस्त आणि भरवशाची चाचणी आहे. पाण्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि अगदी थोडे पोटॅशियम परमँगनेट घालून ५ मिनिटे उकळावे. गुलाबी रंग पूर्ण नाहीसा झाला तर ते पाणी त्या कामाचे नाही. ही चाचणी आठवड्यातून एकदा व्हावी आणि वाहकतेच्या वहीतच, पण वेगळ्या रकान्यात नोंदवली जावी, असा माझा आग्रह आहे.

डिस्टिल्ड पाणीही सर्वगुणसंपन्न नाही. अमोनिया वाफेबरोबर पुढे येतो, म्हणून अमोनियाच्या चाचणीला मी ताजे डीआय पाणीच घेईन. इतर कामांसाठी माझी पसंती ठाम आहे: आधी रेझिन, मग डिस्टिलेशन. प्रयोगशाळेतल्या पाण्यासाठीच्या आयएसओ ३६९६ या १९८७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या प्रतीच्या पाण्यासाठी सुचवलेल्या मार्गांत हाही आहे. या क्रमाने डिस्टिलेशनच्या भांड्याचीही निगा सोपी होते. एरवी बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर झपाट्याने चढतो, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला तेव्हासारखी वेळ आली की मिळेल ते पाणी भांड्यात ओतावे लागते. थर काढायला स्टीलच्या भांड्यात सायट्रिक आम्लाचे द्रावण वापरावे. हायड्रोक्लोरिक आम्ल काचेला चालते, पण स्टील खाते. त्यानंतरचे पहिले काही लिटर पाणी फेकून द्यावे, आणि हीटर उघडा पडण्याआधी वीज तोडणारा स्विच खरोखर चालतो का, तेही त्याच वेळी पाहावे.

कॅनवर पाण्याचा प्रकार आणि भरल्याची तारीख, दोन्ही लिहावे. कॅन उन्हापासून दूर ठेवावा, आणि आतून बुळबुळीत लागला तर तो घासून धुतल्याशिवाय वरून नवे पाणी ओतू नये, मग ते डिस्टिल्ड असो वा डीआय.