जैवसंचय आणि जैवविशालन: नदीमुखातल्या विषारी धातूंच्या दोन वाटा

कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी नदीमुखात आले की त्यातील पारा, कॅडमियम, शिसे, तांबे यांचा बराचसा भाग गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो आणि काही भाग तिथल्या सजीवांच्या शरीरात शिरतो. शरीरात शिरल्यानंतर काय घडते हे सांगताना जैवसंचय आणि जैवविशालन ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. या दोन प्रक्रियांची गल्लत झाली की समुद्रातून येणाऱ्या कोणत्या अन्नात धोका आहे, याचा अंदाजच चुकतो.

जैवसंचय एकाच जिवाच्या आयुष्यात घडतो. पाणी, अन्न आणि गाळ यांतून जेवढा धातू आत येतो तेवढा बाहेर टाकला गेला नाही, तर तो साठत जातो. कालव हे याचे ठळक उदाहरण आहे. खडकाला चिकटून एकाच जागी राहणारे कालव अन्नकणांसाठी सतत पाणी गाळत असते, आणि त्या पाण्यातले व कणांवरचे कॅडमियम, जस्त, तांबे त्याच्या पेशींमध्ये मेटॅलोथायोनीनसारख्या प्रथिनांना बांधले जाते किंवा सूक्ष्म कणांच्या रूपात अडकवून ठेवले जाते. धातू असा बंदिस्त झाल्यामुळे कालवाला फारशी इजा होत नाही, आणि म्हणूनच ते दिसायला निरोगी असते. तांबे फारच साठले तर मांस हिरवट दिसते. कॅडमियमची मात्र अशी कोणतीही खूण नसते. अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यावरील कालवे आणि शिंपले तपासून प्रदूषणावर नजर ठेवली जाते, ती याच गुणाच्या आधारे: कालव जागा सोडत नाही, त्यामुळे त्याच्यात सापडलेला धातू त्याच ठिकाणच्या पाण्याची साक्ष देतो.

जैवविशालनात मात्र अन्नसाखळीच्या प्रत्येक वरच्या पायरीवर धातूचे शरीरातील प्रमाण वाढत जाते. हे सगळ्याच धातूंच्या बाबतीत घडत नाही, आणि नेमका हाच मुद्दा बहुधा सुटतो. सागरी अन्नसाखळीत शिशाचे प्रमाण वर जाताना साधारणपणे घटते. कॅडमियमही माशांच्या मांसात फारसे पोहोचत नाही. ठामपणे वाढतो तो पारा, आणि तोही मिथिल पाऱ्याच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगाच्या, रूपात. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. पाण्यातून प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, पेशीत शिरताना मिथिल पाऱ्याचे प्रमाण दहा हजार ते दहा लाख पटींनी वाढू शकते. ही सर्वांत मोठी उडी जैवसंचयाचीच असते, विशालन तिच्यानंतर सुरू होते. साधा पारा वनस्पती-प्लवकांच्या पेशीच्या आवरणाला चिकटून राहतो, त्यामुळे त्यांना खाणारे कोपेपॉड नावाचे चिमुकले कवचधारी जीव तो बहुतांशी विष्ठेतून टाकून देतात. मिथिल पारा पेशीच्या आतल्या द्रवात असल्यामुळे पचनातून थेट शरीरात जातो. पुढे तो प्रथिनांतील गंधकाला घट्ट धरून बसतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे दीर्घायुषी व शिकारी असलेल्या तलवारमाशात, शार्कमध्ये आणि मोठ्या ट्यूनात पारा जास्त आढळतो, मग तो मासा कितीही स्वच्छ समुद्रात पकडलेला असो.

जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली पाऱ्याची विषबाधा बहुतेक ठिकाणी केवळ जैवविशालनाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती मांडणी अपुरी आहे. तिथल्या कारखान्याच्या सांडपाण्यातच मिथिल पारा होता, त्यामुळे उपसागरातल्या मोठ्या माशांबरोबर साधे शिंपलेही विषारी झाले आणि ते रोज खाणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भोगत राहिली.

म्हणूनच ‘मोठे मासे टाळा, लहान जीव निर्धोक’ हा सल्ला पाऱ्यापुरता बरोबर असला, तरी कॅडमियमच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. युरोपीय संघाने बहुतेक माशांच्या मांसासाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आणि कालव-शिंपल्यांसाठी १ मिलिग्रॅम ठेवली आहे. कॅडमियम मुख्यतः कुठे साठते, हे त्या फरकातून दिसते. कालवे विक्रीपूर्वी स्वच्छ समुद्राच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवली की रोगजंतू बरेच कमी होतात, पण साठलेले कॅडमियम निघायला आठवडे किंवा महिने लागतात. माशातला मिथिल पारा तर त्वचा आणि चरबी काढून किंवा शिजवूनही जात नाही, कारण तो स्नायूंच्या प्रथिनांतच बसलेला असतो.