नागरकोविलचा नागराज: शाकारलेल्या छपराखालचा इतिहास

कन्याकुमारीला निघालेला मराठी प्रवासी नागरकोविल हे नाव बहुधा प्रथम रेल्वेच्या डब्यावरच्या पाटीवर वाचतो, कारण मुंबईहून या गावापर्यंत थेट गाडी जाते. तमिळमध्ये कोविल म्हणजे देऊळ. नागाचे देऊळ ते नागरकोविल. गावाला देवळाचे नाव पडले आणि पुढे शेजारचे कोट्टार हे जुने व्यापारी ठाणेही या शहरात सामावून गेले. १९५६ पर्यंत हा मुलूख त्रावणकोर-कोचीन राज्यात होता आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो तेव्हाच्या मद्रास राज्याला जोडला गेला, हे ध्यानात ठेवले म्हणजे भोवताली तमिळ बोलली जात असताना देवळातल्या नागपूजेचा रिवाज केरळातल्या सर्पकावांशी, म्हणजे घराच्या आवारात नागांसाठी राखलेल्या झाडीशी, इतका का जुळतो ते उमगते.

देवळाची आख्यायिका साधी आहे. गवत कापणाऱ्या एका मुलीचा विळा दगडाला लागला, दगडातून रक्त वाहू लागले, आणि पाहतात तो दगड नागाच्या फण्याच्या आकाराचा. तेव्हा गावकऱ्यांनी त्यावर झोपडी उभारून पूजा सुरू केली. ती झोपडी एका अर्थाने अजून उभी आहे. भोवती दगडी मंडप आणि ओवऱ्या झाल्या तरी नागराजाच्या मुख्य गाभाऱ्यावर आजही पानांनी शाकारलेले छप्परच असते, आणि ते दरवर्षी नव्याने शाकारले जाते. खालची जमीन ओलसर वाळूची आहे आणि प्रसाद म्हणून तीच वाळू हातावर ठेवतात. ती वर्षातले सहा महिने काळी आणि सहा महिने पांढरी दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र गाभाऱ्याइतकेच मंडपाचे खांब महत्त्वाचे आहेत. त्यांवर महावीर आणि पार्श्वनाथ या तीर्थंकरांच्या, तसेच पद्मावती यक्षीच्या लहान उठावमूर्ती कोरलेल्या आहेत. वेरूळच्या जैन लेण्यांत कमठाच्या हल्ल्यापासून पार्श्वनाथाचे रक्षण करण्यासाठी त्याच्या मस्तकावर फणा धरणारा नागराज धरणेंद्र ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नागराजाच्या देवळात तीर्थंकर कसे, हा प्रश्न फार वेळ छळणार नाही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, भूतलवीर उदयमार्तंड या राजाच्या काळच्या शिलालेखांत देवस्थानाला दिलेल्या जमिनींची नोंद असून त्यांत गुणवीर पंडित आणि कमलवाहन पंडित अशी दोन जैन पुरोहितांची नावे येतात. याच राजाचा त्वचारोग इथल्या पूजेने बरा झाला, अशी दंतकथा आहे.

या पुराव्यावरून ‘जैन मंदिर बळकावून हिंदू केले’ असे ठोकून देणारे लिखाण अधूनमधून वाचायला मिळते. ते घाईचे वाटते. दान देणारा राजा आणि दान घेणारे जैन पंडित एकाच लेखात नांदतात, तेव्हा तिथे झटापटीपेक्षा हळूहळू झालेल्या फेरपालटाचीच शक्यता अधिक दिसते. याच जिल्ह्यातल्या चितराल टेकडीवरही नवव्या शतकातल्या तीर्थंकरमूर्ती खडकात कोरलेल्या आहेत आणि तिथले पूजास्थान पुढे भगवतीचे झाले. नागरकोविलात जैन पूजा मागे पडली, अनंतकृष्ण आणि शिव यांची स्थाने शेजारी आली, आणि शेषावर पहुडणाऱ्या विष्णूशी नागाचे जुने नाते असल्यामुळे हा बदल लोकांना परका वाटला नसावा. तमिळ तै महिन्यातल्या उत्सवात रथावर मिरवतो तो अनंतकृष्ण. गाभाऱ्यातला नागराज मात्र आपली जागा सोडत नाही.

भाविकांचा ओढा त्याच्याकडेच आहे. रविवार हा इथला मुख्य वार, त्यातही आवणी महिन्यातले, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे रविवार विशेष मानले जातात. संतती व्हावी, त्वचेचे विकार जावेत, सर्पदोष फिटावा म्हणून बोललेले नवस फेडायला लोक येतात आणि आवारातल्या झाडाखाली ओळीने मांडलेल्या दगडी नागांवर हळद चढवून दूध ओततात. वर्षानुवर्षांच्या हळदीने काही दगडांवरचे फण्यांचे कोरीवकाम आता डोळ्यांपेक्षा बोटांनाच अधिक कळते.