स्ट्रिंगमधील एक अक्षर मिळवणे

स्ट्रिंगमधल्या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये ओळीने साठवलेल्या अक्षरांच्या मालिकेतल्या, ठरावीक जागेवरचे अक्षर वाचून घेणे ही प्रोग्रॅमिंगमधली अगदी प्राथमिक क्रिया. त्या जागेच्या क्रमांकाला इंडेक्स म्हणतात. सी, पायथन, जावास्क्रिप्ट यांत स्ट्रिंगच्या नावापुढे चौकोनी कंसात इंडेक्स लिहितात. जावामध्ये त्यासाठी चारअ‍ॅट ही मेथड आहे.

मोजणी बहुधा शून्यापासून होते. सीमध्ये इंडेक्स म्हणजे स्ट्रिंगच्या सुरुवातीच्या पत्त्यापासून किती घरे पुढे जायचे तो आकडा. पहिल्या अक्षरासाठी पुढे जावेच लागत नाही, म्हणून शून्य. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये शून्याच्या बाजूने एक टिपणही लिहिले. लुआ आणि मॅटलॅब एकपासून मोजतात. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचे अक्षर, आणि ते हाती येते तेही एक लांबीची स्ट्रिंग म्हणूनच, कारण तिथे अक्षरासाठी वेगळा प्रकार नाही.

इंडेक्स स्ट्रिंगच्या लांबीबाहेर गेला तर पायथन आणि जावा एरर देऊन थांबतात. जावास्क्रिप्टमध्ये चौकोनी कंसातून अनडिफाइन्ड (‘मूल्यच नाही’ अशी खूण) मिळते, चारअ‍ॅटमधून रिकामी स्ट्रिंग. सी काहीच तपासत नाही. शेजारच्या मेमरीत जे असेल ते हाती येऊ शकते, आणि अशी चूक शोधणे फार जिकिरीचे असते.

खरा प्रश्न वेगळाच आहे: ‘एक अक्षर’ कशाला म्हणायचे? ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात: क्षि, ति, ज. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक, याच्या हिशेबाने मात्र सात कोडपॉइंट (असे क्रमांक मिळालेली चिन्हे) आहेत: क, हलन्त चिन्ह, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. म्हणून पायथनमध्ये शून्य इंडेक्सला ‘क्ष’ येत नाही, नुसता ‘क’ येतो. एकवर पाय मोडण्याची खूण येते आणि तीनवर वेलांटी, जी एकटी पडल्याने बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेली दिसते. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवली जाते व्यंजनानंतर. पहिल्यांदा पाहणारा इथे हमखास गोंधळतो.

यूटीएफ-८ या, कोडपॉइंट बाइटांत साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो, म्हणजे या शब्दाचे २१ बाइट. गो भाषेत इंडेक्स बाइट मोजतो, त्यामुळे शून्यावर २२४ हा आकडा मिळतो. देवनागरीतला कुठलाही शब्द घेतला तरी पहिला बाइट २२४च असतो, तेव्हा त्यावरून अक्षर ओळखता येत नाही. जावा आणि जावास्क्रिप्ट १६ बिटांच्या एककांत मोजतात. देवनागरीचे त्यात भागते, पण बहुतेक इमोजींना निदान दोन एकके लागतात आणि चारअ‍ॅट त्यांचा अर्धा तुकडा काढून देते.

रस्टमध्ये स्ट्रिंगवर थेट आकडी इंडेक्स लावला तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. हे जाचक वाटले तरी प्रस्तुत लेखकाच्या मते हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे: बाइट हवा की कोडपॉइंट, हे लिहिणाऱ्याला सांगावेच लागते. स्विफ्ट वाचकाला दिसणाऱ्या अक्षराच्या जवळ जाते. तिथे एक अक्षर म्हणजे ग्राफीम क्लस्टर, व्यंजनाला चिकटलेल्या काना-मात्रांसकट.

जोडाक्षरांचा प्रश्न त्यानंतरही उरला होता. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार ‘क्षितिज’चे चार क्लस्टर होत: क्, षि, ति, ज. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरली आणि ते तीन झाले. त्यामुळे लायब्ररी (प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) कोणत्या आवृत्तीचे नियम पाळते त्यानुसार याच शब्दाचे पहिले अक्षर ‘क्’ येते किंवा ‘क्षि’.