हेड एका सालचं, ब्लॉक दुसऱ्या सालचा

जुनी गाडी विकत घेणारा माणूस आज पहिला प्रश्न विचारतो तो असा : इंजिन मूळचंच आहे ना? ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य ओतीव भाग) त्याच गाडीचा, हेडही (त्या ब्लॉकवर बसणारा माथा) त्याच सालचं, असं उत्तर त्याला हवं असतं. 1908 साली मात्र नेमकी उलटी गोष्ट सिद्ध केल्याबद्दल कौतुक झालं होतं. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पार खोलल्या, सगळ्या सुट्या भागांची सरमिसळ केली, काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे घातले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस लावायला परवानगी नव्हती. गाड्या 500 मैल धावल्या आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली. कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड मोजमापाची हत्यारं बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्पमध्ये तयार झालेला होता, त्यामुळे इंचाच्या हजाराव्या भागाचा त्याचा हट्ट समजण्यासारखा आहे.

पण त्या तीन गाड्या एकाच मॉडेलच्या होत्या. दहा वर्षांच्या अंतराने ओतलेला ब्लॉक आणि हेड एकमेकांवर बसतील का, हा वेगळाच प्रश्न, आणि तो पडायला आधी हेड वेगळं निघायला हवं. सुरुवातीच्या कित्येक इंजिनांत सिलिंडर आणि त्याचा माथा एकाच ओतकामात असे. गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली गळती रोखणारी पट्टी) फुटायची भीतीच नाही, पण व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) घासायचे किंवा काजळी खरवडायची म्हटलं की मेकॅनिकचे हाल. 1908च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये चारही सिलिंडर एका ओतकामात आणि वर बोल्टने आवळलेलं सुटं हेड होतं. त्या काळच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनांत व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत, म्हणून हेड म्हणजे जवळपास नुसतं झाकण. ते बदललं तरी फरक पडायचा तो मुख्यतः कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं त्यात. 1917मध्ये फोर्डने टीसाठी उंच हेड आणलं, तेव्हा कॉम्प्रेशन उलट कमीच झालं.

अदलाबदलीचा नाद खऱ्या अर्थाने लागला तो 1932च्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-8पासून, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा आणि दोन सपाट हेड असलेल्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनापासून. इंजिन स्वस्त, भंगारात मुबलक आणि वर्षागणिक थोडं थोडं बदलणारं. गोंधळ त्या ‘थोडं थोडं’मध्येच होता. आधी प्रत्येक हेडला 21 स्टड (हेड आवळायचे आटेदार दांडे) होते, 1938मध्ये ते 24 झाले. वॉटर पंप आधी हेडवर होते, 1937मध्ये ते ब्लॉकवर उतरले. 1949च्या इंजिनात स्टडची मांडणी तीच राहिली, पण पाणी बाहेर पडायची जागा हेडच्या मध्यावरून पुढच्या टोकाला गेली आणि पाण्याच्या वाटाही बदलल्या. म्हणजे हेड वरून चपखल बसणार, बोल्ट गुमान आवळले जाणार, आणि आतलं पाणी मात्र भलतीकडे वळणार. बोल्ट बसला म्हणजे हेड बसलं, असं समजणाऱ्यांना फ्लॅटहेडने बरंच शिकवलं असावं.

याच ब्लॉकवर अभियंता झोरा आर्कस-डुंटोव्हने 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्डन हेड चढवलं. ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह वर असलेलं, अर्धगोल ज्वलनकक्षाचं. मूळ हेतू फोर्डच्या ट्रकांना जोर देण्याचा होता. ते गाजलं वेगवेड्यांमध्ये. व्हॉल्व्ह हेडमध्ये आले की हेड नुसतं झाकण राहत नाही. इंजिन श्वास किती घेणार हे तेच ठरवतं.

या सगळ्या कहाणीचा गाभा मात्र 1955च्या शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक व्ही-8मध्ये आहे. एड कोल मुख्य अभियंता असताना आलेल्या या इंजिनाचा पहिला आकार 265 घनइंच. पुढे 283, 327, 350 आणि इतर आकार आले, पण शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांमधलं 4.40 इंचांचं अंतर आणि प्रत्येक हेडचे 17 बोल्ट हलले नाहीत. हे उपकार नव्हेत. ओतकामाचे साचे आणि ब्लॉक छिद्रणारी यंत्रं इतकी महाग असतात की दरवर्षी नवं अंतर धरणं कुठल्याही कारखान्याला परवडत नाही. त्याचा फायदा गॅरेजवाल्यांना आपोआप मिळाला. खुद्द कंपनीनेही तो घेतला : 1967च्या कमॅरो झेड/28चं 302 घनइंची इंजिन म्हणजे 4 इंच बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) ब्लॉकमध्ये 283चा 3 इंची स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव). शर्यतीची मर्यादा 5 लिटर होती, तिच्यात बसायला हा हिशेब.

तरीही ‘सगळं सगळ्याला बसतं’ हे अर्धसत्य. 2.02 इंचांचा मोठा इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) असलेलं हेड 283च्या 3.875 इंची बोअरवर चढवलं, तर व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला अडतो. 1970मध्ये आलेल्या 400 घनइंची ब्लॉकमध्ये सिलिंडर एकमेकांना चिकटलेले आहेत, मधून पाणी जात नाही. म्हणून त्याच्या हेडला वाफ निघायला बारीक भोकं असतात. दुसरं हेड लावायचं तर ती पाडून घ्यावी लागतात, नाहीतर वाफ कोंडते. 1969पासून हेडच्या टोकांना अल्टरनेटर वगैरेंच्या ब्रॅकेटसाठी भोकं आली. त्याआधीच्या हेडवर नवी ब्रॅकेट टांगायला जागाच नाही. 1971मध्ये जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं. 350वर 64 घनसेंटिमीटर कक्षाच्या हेडऐवजी 76चं बसवलं, तर कॉम्प्रेशन रेशो सुमारे एकाने खाली येतो. गाडी चालते, पण मालक म्हणतो, पूर्वीसारखी खेचत नाही. पुढे 1987च्या सुमारास इनटेक मॅनिफोल्डच्या (हेडपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीच्या) मधल्या बोल्टांचा कोन बदलला आणि जुना मॅनिफोल्ड सरळ बसेनासा झाला.

ब्रिटिश इंजिनांत हाच खेळ जरा कंजूष जागेत चालला. 1951च्या ऑस्टिन ए30मधल्या 803 सीसीच्या ए-सीरीज इंजिनाचं 1275 सीसीपर्यंत ताणकाम झालं. 1275चं हेड 998च्या ब्लॉकवर बसतं खरं, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या माथ्यावर आपटतात. त्यांच्यासाठी ब्लॉकमध्ये खोबण्या कोराव्या लागतात. जॅग्वारने तर 1964मध्ये 4.2 लिटरसाठी बोअर सरकवले आणि हेडमधले कक्ष जिथल्या तिथे ठेवले. कक्ष आणि सिलिंडर एकमेकांवर तंतोतंत येत नाहीत, पण इंजिन अनेक वर्षं उत्तम चाललं.

मग जुन्या गाड्यांना भाव आला आणि हीच सोय संशयाची जागा झाली. गाडी आणि इंजिन यांचे आकडे जुळतात का, हे पाहायला लोक आरसा आणि टॉर्च घेऊन वाकू लागले. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ओतकामाचा क्रमांक मागच्या बाजूला असतो आणि तारीखही असते : महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा बहुधा शेवटचा एकच अंक. 7 असेल तर 1957, 1967 की 1977, हे बाकीच्या खुणांवरून ओळखायचं. कारखान्यात ठोकलेले आकडे उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या माथ्यावरच्या छोट्या पट्टीवर असतात. ही पट्टी आणि हेड बसतं तो पृष्ठभाग एकाच पातळीत आहे. नवं हेड नीट बसावं म्हणून ब्लॉकचा माथा मशिनवर घासून सपाट केला की आकडेही त्याबरोबर निघून जातात. म्हणून कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारचे मालक ब्लॉक मशिनवर चढवण्याआधीच कारागिराला बजावतात : पट्टीपाशी हात थांबव.