शब्दखेळ (प्राथमिक मराठी वर्गातील)

पहिली ते तिसरीच्या मुलांना अक्षरजुळणी आणि शुद्धलेखन यावे म्हणून वर्गात खेळायचे तोंडी व लेखी खेळ. साहित्य जुजबी लागते: फळा, खडू, पुठ्ठ्याची कार्डे. मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे सुटी अक्षरे मुलांना लवकर येतात. गाडी अडते ती ऱ्हस्व-दीर्घापाशी आणि जोडाक्षरांपाशी, आणि चांगल्या खेळाची खरी गरज तिथेच असते.

सुरुवात काना-मात्रा नसलेल्या शब्दाने करतात. फळ्यावर 'कमलनयन' लिहिले की त्याच सहा अक्षरांतून कमल, कलम, मलय, नमन, मनन असे शब्द मुले शोधून काढतात. पुढे काना-वेलांटीची कार्डे हातात येतात. 'वर'ला काना लावत गेले की वार, मग वारा. काना काढून वेलांटी दिली की वारी, वीर. एका कान्याने अर्थ बदलतो हे मुलाला इथे स्वतःच्या हाताने कळते.

शब्दांच्या भेंड्यांत आधीच्या शब्दाचे शेवटचे अक्षर धरून पुढचा शब्द सांगायचा. 'कमळ' आले की पुढचा गडी अडतो, कारण 'ळ'ने मराठी शब्द सुरू होत नाही, 'ण'चेही तेच. अशा वेळी 'ल' आणि 'न' चालवून घेतात. ही सवलत आधीच जाहीर करू नये. मुलांना थोडे अडू द्यावे, म्हणजे भाषेची ही खोड त्यांची त्यांनाच सापडते.

उलटसुलट सारख्या वाक्यांचा खेळ तर शुद्धलेखनासाठी फार मोलाचा. 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' ही वाक्ये उलटी लिहिली तरी तंतोतंत तीच राहतात. 'चिमा काय कामाची' मात्र कानाला जुळते, पण पाटीवर लिहिले की पहिली 'चि' ऱ्हस्व आणि शेवटची 'ची' दीर्घ निघते. 'तो कवी डालडा विकतो' यातही 'वी' आणि 'वि' जुळत नाहीत. कानाला न कळणारा फरक डोळ्याला दिसतो, तो असा.

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांपैकी १४ नियम १९६२ साली आणि आणखी ४ नियम १९७२ साली शासनमान्य झाले. ते पाठ करून घेण्यापेक्षा जोड्या खेळाव्यात: बाईंनी 'मूल' म्हणायचे, वर्गाने 'मुलाला', फूल–फुलाला, वीट–विटेला, बहीण–बहिणीला. इकाराच्या शब्दांना पहिल्या वेलांटीसाठी डावा हात वर, दुसरीसाठी उजवा, कारण त्यांच्या दांड्या अक्षराच्या त्याच बाजूंना असतात.

जोडाक्षरांत सगळ्यात खेळकर 'र'. सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर अशी त्याची चार रूपे चार कार्डांवर लिहून लपवतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. चित्राशी कार्ड जुळवताना हा फरक पक्का होतो.

थोड्या मोठ्या मुलांचा खेळ नाव-गाव-फळ-फूल. ठरलेल्या अक्षराचे चार शब्द लिहायचे. सहसा कोणाशीही न जुळलेल्या शब्दाला १० गुण, जुळलेल्याला ५. लेखन चुकले म्हणून शब्द बाद करण्याची पद्धत काही वर्गांत आहे. ती घातक आहे, कारण ज्याला सराव सर्वांत जास्त हवा तेच मूल आधी बाहेर बसते. शब्दाचे गुण द्यावेत आणि चुकलेली वेलांटी त्याच्याकडूनच फळ्यावर दुरुस्त करून घ्यावी. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने 'प'च्या फेरीत 'पानी' लिहिले, तर तो शब्द त्याला आलेलाच असतो. उरतो फक्त 'ण'.