मधेच कॉलेज बदलायचे असेल तर क्रेडिटचे काय होते?

एबीसी खात्यात ४४ क्रेडिट (श्रेयांक) दिसतात, मग नव्या कॉलेजात तेवढे धरतीलच, असे समजून जुना प्रवेश रद्द करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सुरू केलेली शैक्षणिक श्रेयांक बँक (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजेच एबीसी) ही खातेवही आहे. कोणत्या संस्थेत, कोणत्या सत्रात किती क्रेडिट मिळाले एवढेच ती सांगते. त्यातले पदवीसाठी किती धरायचे, हे नवे कॉलेज आणि विद्यापीठ पेपरला पेपर लावून ठरवतात. प्रवेश मिळणे आणि क्रेडिट मान्य होणे हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि दोन्ही लेखी हवेत.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांसाठी आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची बदलीची वाट वेगळी असते. तिथे हा क्रम लावू नका.

तुम्ही कोणत्या गटात बसता

एकाच विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजातून दुसऱ्या संलग्न कॉलेजात जाणे सर्वांत सोपे. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांकही बहुधा तोच राहतो. दुसरा प्रकार फसवा आहे: विद्यापीठ तेच, पण एक कॉलेज स्वायत्त. पदवीवर नाव विद्यापीठाचे येते, तरी स्वायत्त कॉलेजाचे पेपर, क्रेडिटची विभागणी आणि गुणपत्रक त्याचे स्वतःचे असते. त्यामुळे इथे समकक्षता, म्हणजे जुना पेपर नव्या पेपरच्या तोडीचा आहे का, हे तपासावेच लागते. तिसरा प्रकार विद्यापीठच बदलण्याचा. त्यात स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता या दोन गोष्टी वाढतात.

बदलीची योग्य वेळ म्हणजे वर्षाची सुरुवात, म्हणजेच तिसरे किंवा पाचवे सत्र. वर्षाच्या मध्यावर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जुन्या कॉलेजाकडे असतात, परीक्षा अर्ज तिथून गेलेला असतो आणि दोन्ही कार्यालये हात झटकतात. पाचव्या सत्राला बदल करणार असाल तर विद्यापीठाची परवानगी आधी विचारा, कारण शेवटच्या वर्षाचे नियम जास्त कडक असतात.

जागा रिकामी हवी, तीही त्याच वर्षाला आणि त्याच मेजर, म्हणजे मुख्य विषयाला. ‘बीएस्सीला जागा आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. द्वितीय वर्ष रसायनशास्त्राला आहे का, असे नेमके विचारा.

एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची मुभा) असेल तर एकाच विद्यापीठात ती बरोबर नेता येते, पण पुढच्या वर्षात जाण्याची अट तुम्ही पूर्ण करत असाल तरच. विद्यापीठ बदलताना मात्र राहिलेला विषय आधी जुन्या विद्यापीठातच सोडवून घेणे शहाणपणाचे. तिथला पेपर इथे बसून देता येत नाही.

क्रेडिट नेमके कुठे गळतात

राज्याच्या आराखड्यात पहिल्या वर्षाला ४० ते ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट आहेत. थिअरीचे एक क्रेडिट साधारण १५ तासांचे, प्रात्यक्षिकाचे ३० तासांचे. बेरीज जुळली की काम झाले असे वाटते, पण तपासणी बेरजेची नसते, रकान्यांची असते: मेजर, मायनर (दुय्यम विषय), खुला वैकल्पिक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. प्रत्येक रकाना वेगळा भरावा लागतो.

समजा, भौतिकशास्त्र मेजर आणि संख्याशास्त्र मायनर घेऊन कोणी ४४ क्रेडिट मिळवले. नव्या स्वायत्त कॉलेजात पहिल्या वर्षाचे ४० च आहेत. वरचे ४ क्रेडिट खात्यात राहतील, पण त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा एखादा पेपर माफ होणार नाही. उलट तिथे मेजरचा पहिला पेपर ४ क्रेडिटचा आणि यांचा ३ चा असेल, तर ते एक क्रेडिट कसे भरून काढायचे हे ठरवावे लागते. बहुतेक वेळा जोडपेपर (कमी पडलेले क्रेडिट भरून काढणारा जादा पेपर) किंवा प्रात्यक्षिक द्यायला सांगतात. सर्वांत मोठी गळती मायनरमध्ये होते. नव्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतच नसतील, तर मायनर पुन्हा सुरुवातीपासून धरावा लागतो आणि आधीचे क्रेडिट फार तर खुल्या वैकल्पिकात बसवता येतात, तेही नियम परवानगी देत असतील तर. म्हणून कॉलेज निवडताना इमारत आणि वसतिगृह नंतर बघा, मायनरची यादी आधी.

हा घोळ टाळायला अर्जासोबत स्वतः तक्ता करून द्या. डावीकडे जुन्या पेपरचा कोड, नाव, रकाना, क्रेडिट आणि मिळालेली श्रेणी. उजवीकडे नव्या कॉलेजातला त्याच्याशी जुळणारा पेपर आणि त्याचे क्रेडिट. न जुळणाऱ्या ओळी रिकाम्या ठेवा, ओढूनताणून जुळवू नका. विभागप्रमुखांचे काम सोपे झाले की सही लवकर मिळते. अभ्यासक्रमाची प्रत जोडताना तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेली प्रत घ्या. संकेतस्थळावर बरेचदा सुधारित प्रत असते, तिच्यातले पेपर कोड गुणपत्रकाशी जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावरचा ऑनलाइन कोर्स केला असेल तर त्याचे क्रेडिट गुणपत्रकात आले आहेत का ते पाहा. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे मिळवता येतात, पण जुन्या कॉलेजाने ते नोंदवलेच नसतील तर नुसते प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.

कागदपत्रे

सर्व सत्रांची गुणपत्रके, दहावी-बारावीची गुणपत्रके, जुन्या कॉलेजाचा ना हरकत दाखला, नव्या कॉलेजाचे जागा असल्याचे पत्र, प्राचार्यांच्या शिक्क्यासह अभ्यासक्रमाची प्रत, आधार आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक). कॉलेज सोडल्याचा दाखला शेवटी. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला, लागू असल्यास वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. मधे वर्ष गेले असेल तर खंड प्रमाणपत्र. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

क्रम चुकला की अडकता

आधी नव्या कॉलेजाकडून जागेचे पत्र, मग जुन्याकडून ना हरकत, मग समकक्षतेचा लेखी निर्णय, मग विद्यापीठाची मान्यता, आणि त्यानंतरच प्रवेश रद्द करून कॉलेज सोडल्याचा दाखला. दाखला आधी काढला आणि समकक्षता नाकारली गेली, तर तुम्ही दोन्हीकडचे राहत नाही. तोंडी ‘होऊन जाईल’ वर विसंबू नका. आवक क्रमांक असलेली पोचप्रत मागा.

डिजिलॉकरमधून एबीसी खाते उघडा. क्रेडिट तिथे फक्त संस्थाच चढवते, विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत. एखादे सत्र दिसत नसेल तर जुन्या कॉलेजाच्या परीक्षा विभागाला अर्ज द्या, आणि हे दाखला काढण्याआधी करा, नंतर तिथे कोणी फारशी दाद देत नाही. नेहमीची कारणे दोन: आधार आणि गुणपत्रकातल्या नावात फरक, किंवा चुकून तयार झालेले दोन आयडी. आडनाव आधी की नाव आधी, एवढ्यावरूनही नोंद अडते.

खात्यातले क्रेडिट कमाल ७ वर्षे चालतात. एकदा प्रमाणपत्र वा पदवीसाठी वापरलेले क्रेडिट पुन्हा वापरता येत नाहीत. श्रेयांक बँकेच्या विनियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवायचे असतात. १२० च्या पदवीला ६०. दोन वर्षे एका विद्यापीठात काढून तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जाण्याचा बेत इथेच फसतो.

शुल्काचे गणितही तारखेवर आहे. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की परतावा शून्य. त्या वर्षाचे वेगळे परिपत्रक निघाले असेल तर ते पाहा. मूळ कागदपत्रे कॉलेजाने अडवून ठेवू नयेत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती चालू असेल तर नूतनीकरणाच्या अर्जात जुने कॉलेज राहू देऊ नका. नव्या कॉलेजाच्या लिपिकाला लॉगिनमध्ये तुमचा अर्ज दिसतो का, ते समोर बसून बघा.

प्रवेश झाल्यावर पहिला परीक्षा अर्ज भरताना जोडपेपर त्यात आले आहेत का, एकेक कोड वाचून तपासा. इथे सुटलेला पेपर सहाव्या सत्राच्या निकालातच समोर येतो, आणि तोपर्यंत तो देण्याची संधी पुढच्या परीक्षेवर गेलेली असते.