वकील मिळतो, पण तयारीला वेळ?

खिशात पैसा नसलेल्या आरोपीला वकील देणं सरकारचं कर्तव्य आहे, हा विचार फार जुना नाही. इंग्लंडमध्ये तर किरकोळ गुन्ह्यात वकील उभा राहू शके; पण फाशी होऊ शकेल अशा चोरीत किंवा खुनात, पैसे मोजायची तयारी असली तरी, ज्युरीसमोर आरोपीने स्वतःच बोलायचं असे. १६९६पासून राजद्रोहाच्या आरोपींना सूट मिळाली, बाकीच्यांना १८३६मध्ये. गरिबांना सरकारी खर्चाने वकील देणारा कायदा आला १९०३मध्ये, तोही आरोपीने आपला बचाव आधीच उघड केला असेल तर.

मार्च १९३१मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांना बलात्काराच्या आरोपाखाली पकडलं. दोन आठवड्यांच्या आत खटले उभे राहिले आणि आठ जणांना मृत्युदंड झाला. वकिलांचं काय? न्यायाधीशांनी गावातल्या सगळ्या वकिलांवर मिळून जबाबदारी टाकली होती, म्हणजे प्रत्यक्षात कोणावरच नाही. १९३२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी सात जणांच्या शिक्षा रद्द केल्या. आरोपीशी बोलायला आणि तयारी करायला वेळच नसेल तर अशी नेमणूक निरर्थक आहे, हा त्या निकालाचा गाभा. पण तो देहदंडाच्या खटल्यांपुरताच राहिला. १९४२मध्ये त्याच न्यायालयाने दरोड्याच्या एका गरीब आरोपीला वकील नाकारणं योग्य ठरवलं.

ती भूमिका बदलली क्लॅरेन्स गिडियनमुळे. फ्लोरिडात घरफोडीच्या आरोपात त्याने वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच खटला लढवून पाच वर्षांची शिक्षा पदरात पडली. तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १८ मार्च १९६३ रोजी त्या न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑगस्टमध्ये फेरखटला झाला: आरोप तोच, मुख्य साक्षीदार तोच. या वेळी मात्र आधी चौकशी करून आलेल्या वकिलाने त्या साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेतली आणि ज्युरीने गिडियनला निर्दोष सोडलं.

भारतात १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र न्यायालयात सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. १९७६मध्ये घटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ आलं, सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८च्या होसकोट निकालाने हा हक्क कलम २१शी, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की आरोपीने मागितला नाही म्हणून वकील नाकारता येणार नाही. गरिबाला मुळात हक्कच ठाऊक नसतो, तो मागणार कसा?

तरी अलाबामातला प्रश्न इथेही उभा राहिलाच. मध्य प्रदेशातल्या फाशीच्या एका खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली, म्हणजे खटला कोणत्या आरोपांवर चालणार हे ठरलं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यात न्यायमित्र (आरोपीची बाजू मांडायला न्यायालयाने नेमलेला वकील) म्हणून किमान दहा वर्षं वकिली केलेली व्यक्तीच नेमावी आणि तिला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी द्यावेत, असं बजावलं. माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना सात दिवस मला तरी फार कमी वाटतात.